ढेकणांचा फॅमिली फोटो

"याचा फोटो काढायचाय," असं म्हणून बाईंनी स्टीलचा डबा माझ्या काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडलं.

मी वाकून पाहिलं. आत एक सीताफळ होतं, आणि तेही धड नाही. डोळ्यांच्या खाचाखाचांत पीठ भरल्यासारखं पांढरं, सालीवर चिकटा आणि चिकट्यावर काजळी. असलं फळ कुणी गुरांपुढेही टाकणार नाही.

"फळाचा फोटो?" मी विचारलं.

"फळाचा कशाला काढू? ह्याच्यावरच्या ढेकणाचा."

भाद्रपदातली गोष्ट. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणजे आम्हा फोटोवाल्यांचा उपासच. सासवडच्या बाजारपेठेतला माझा होले फोटो स्टुडिओ एरवी गजबजलेला असायचा, पण त्या दिवसांत पासपोर्टचे फोटो सोडले तर मी चक्क माश्या मारत बसलेलो होतो. माश्यांवरून ढेकणांवर आलो, म्हणजे बढतीच म्हणायची, असं मनात म्हणून मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

"तुमी मला वळखलं न्हाई," त्या म्हणाल्या. "कसं वळखाल? मी एकाबी फोटूत न्हाई. चिंचेवाडीच्या रंगनाथ झेंड्याची मी थोरली बहीण. इंदू. समदी अक्का म्हनत्यात."

रंगनाथ झेंडे म्हटल्यावर मला आठवलं. त्याच वैशाखात त्यांच्या मुलीचं, शालनचं, लग्न मी काढलं होतं. मोठं कार्य होतं, मांडव थेट विहिरीपर्यंत घातलेला. पण ही बाई कुठे पाहिल्याचं काही केल्या आठवेना.

"मी मांडवाच्या मागं व्हते, भाताकडं," अक्का म्हणाल्या. "विधवा बाई म्होरं कशाला मिरवंल? पर तुमचे फोटू मी लई येळा बघितले. शालनच्या डोक्यावर अक्षता पडत्यात, तो एक फोटू हाय बगा. तांदळाचा दाना न् दाना हवेत धरलाय तुमी. तवाच मनात आलं, ज्याला उडता तांदूळ धरता येतो, त्याला बसल्याला ढेकूण कसा न्हाई धरता यायचा?"

त्या फोटोचं कौतुक तोवर कुणीच केलं नव्हतं. लोक अल्बममध्ये आपापला चेहरा शोधतात आणि पान उलटतात. या बाईंचा चेहरा त्यात नव्हताच, म्हणूनच बहुधा त्यांनी फोटो पाहिले. मी स्टूल पुढे केलं आणि चहा सांगितला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सीताफळाच्या बागेत पिठ्या ढेकूण शिरला होता. हा माणसाला चावणारा ढेकूण नव्हे, झाडाचा रस पिणारा. अंगावर पांढरी भुकटी, एकदा फळाच्या खाचेत तोंड खुपसलं की जागचा हलत नाही. त्याच्या अंगातून गोड पाणी पाझरतं आणि त्यावर मुंग्या लागतात. गावभर सगळ्यांच्या बागेत तेच चाललं होतं. रंगनाथअण्णांनी जालीम औषध आणून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंपवाला यायचा होता.

"मग मारू द्या की," मी म्हणालो.

"आवं, त्यात एक दुसरं हाय," अक्का पुढे सरकल्या. "विहिरीकडच्या वळीत. तेबी पांढरंच, पर थोरलं. अंगावर पिंजल्याल्या कापसावानी झिपऱ्या. समदी म्हनत्यात, हा मोठा ढेकूण, ह्यो तर पयला मारला पायजे. पर मी रोज बसून बघतीया. बारका ढेकूण बसून ऱ्हातो. हे हिंडतंय. आन् हिंडता हिंडता बारक्याला खातंय."

"ढेकूण ढेकणाला खातो?"

"त्यो ढेकूणच न्हाई. मुंग्या बगा ना. बारक्याची राखन करत्यात आन् ह्याच्या अंगावर धावून जात्यात. एका घरची असती तर आईला चावून लेकरं राखली असती का?"

मला ते पटलं. फोटोग्राफरला माणसं कशी उभी आहेत यावरून नाती ओळखायची सवय असते. मांडवात खरा मामा कोण आणि जेवायला घुसलेला मामा कोण, हे मी व्ह्यूफाइंडरमधून सांगत असे. पण मुंग्यांच्या वागण्यावरून सोयरीक ओळखणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"अण्णांना सांगितलंत?"

"सांगितलं की. दोघांना एका बरनीत कोंडून दावलंसुदिक. सकाळी बारकं एक ऱ्हायलं न्हवतं. तर म्हनतो, 'अक्का, बरनीत कोंडल्यावर मानूसबी मानसाला खाईल.'"

मला हसू आवरेना. अक्काही हसल्या, पण लगेच त्यांचा आवाज खाली आला.

"वर म्हनला, 'तू पाव्हनी हायेस. दोन घास खा, सुखानं ऱ्हा. बागंचं मी बगतो.' आवं, ऐन इशीत कपाळ पांढरं झालं आन् म्हायेरी आले. तवा ह्यो रंगा उघडा फिरत व्हता. त्याला मी कडंवर घेऊन वाढवला. ती विहिरीकडची वळ मी माझ्या हातानं लावली, कळशीनं पानी घातलं. मी पाव्हनी!" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मी म्हनलं, फोटू दावला तर? तर म्हनला, 'फोटूत दिसलं तर मानीन. फोटू खोटं बोलत न्हाई.'"

बाईंचं काय पणाला लागलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. औषध मारलं असतं तर ढेकूण गेले असते आणि थोड्या दिवसांनी परत आले असते. पण घरात आपल्या शब्दाला किंमत आहे की नाही, ते एकदाच ठरणार होतं.

मी कॅमेऱ्याची बॅग उचलली आणि दुकानाचं शटर ओढलं.

विहिरीकडच्या त्या ओळीत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एका झाडाखाली पालथं घमेलं पडलेलं होतं. ती अक्कांची बैठक. आसपासची माती बसून बसून घट्ट झाली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि एका हिरव्या फळाकडे बोट केलं.

"हे बगा."

मला आधी नुसतं पीठ दिसलं. मग लेन्स उलटी करून कॅमेऱ्यापुढे धरली. अंगठ्या आणि मंगळसूत्राचे मणी टिपायची ही माझी जुनी युक्ती. लेन्स उलटी धरली की मणी बोराएवढा होतो. मी श्वास रोखून पुढे सरकलो आणि पाहतच राहिलो.

ढेकणाच्या अंगावर चाकासारख्या बारीक रेघा होत्या. कडेनं मेणाचे दोरे, नुकत्या कातलेल्या सुतासारखे. पाठीवरची भुकटी इतकी सारखी चाळलेली, की आमच्या घरी मोदकाची पिठी तेवढी बारीक होत नाही. एक मुंगी येऊन त्याला मिशांनी गोंजारत होती. त्यानं मागून काचेच्या मण्याएवढा थेंब सोडला आणि मुंगीनं तो अल्लद उचलला. शेतकऱ्याचा वैरी खरा, पण देखणा होता. एवढी वर्षं मी माणसांना नटवून त्यांचे फोटो काढत होतो आणि इथे न नटवता एवढं नटलेलं काही सालीवर बसलं होतं.

"दिसलं?" अक्का कुजबुजल्या.

"दिसलं."

"मी म्हनत व्हते ना! मी कुनाला दावू? समदी म्हनत्यात, अक्काला याड लागलं, ढेकनं बघत बसती."

मग तो थोरला आला. झिपऱ्या हलवत, खाचेतून वर चढून, म्हाताऱ्या बैराग्यासारखा. पण नेमका वारा सुटला. आमच्या पठारावर वारा काही पाहुणा नाही, घरचाच आहे. फळ जरा जरी हललं तरी लेन्समधून भूकंप झाल्यासारखं दिसायचं. मी एकामागून एक खटके दाबले आणि प्रत्येक वेळी जीभ चावली.

"अंतरपाट पायजे," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"वाऱ्याला आडवा. थांबा." त्या घरात गेल्या आणि रंगनाथअण्णांचं धुतलेलं पांढरं धोतर घेऊन आल्या. एक टोक फांदीला बांधलं, दुसरं दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि आडोसा करून उभ्या राहिल्या. वारा अडला, आणि वर पांढऱ्या कापडावरून उजेड परतून खाचेत पडला. स्टुडिओत मी छत्र्या लावून जो उजेड पाडतो, त्याहून मऊ. मला हे सुचलं नव्हतं. बाई दूर भाताकडे उभ्या राहूनही लग्नातलं सगळं पाहत होत्या, हे खरं.

बांधलेलं टोक अधूनमधून फडफडायचं, तरी थोडा वेळ स्थिर मिळाला. तेवढ्यात थोरल्यानं एका बारक्यावर तोंड ठेवलं. मी खटका दाबला.

काळ्या-पांढऱ्या फिल्मा मी दुकानातच धूत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंट सुकली तेव्हा मीच माझ्यावर खूश झालो. झिपरी न झिपरी आली होती. मोटारसायकलला किक मारली आणि पंपवाल्याच्या आधी पोचायचं म्हणून न खाता निघालो.

पण सोपान पंपवाला आधीच आलेला होता. अंगणात ड्रममध्ये पाणी ओतत होता. रंगनाथअण्णा ओट्यावर बसले होते. भरघोस मिशा, खणखणीत आवाज, पण माणूस आतिथ्याचा. "या या, होले भाऊ! आवं, आमच्या अक्काच्या नादी लागून तुमी कशापायी एवढी दगदग केली?" म्हणत त्यांनी उठून सतरंजी झटकली.

अक्का दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मी फोटो अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, लांब केला, जवळ आणला. खूप वेळ पाहिला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"झकास!" ते म्हणाले. "आई आन् लेकरं. बग अक्का, कशी थोरली बारक्याला कुशीत घेऊन बसलीया. पापा घेतल्यावानी. आवं होले, तुमी तर ढेकनांचा फ्यामिली फोटू काढला!"

मी फोटो परत घेतला आणि पाहिला. काय सांगू! आता मलाही तेच दिसायला लागलं. थोरलं वाकलेलं, धाकटं त्याच्या तोंडाशी, बाजूला दोन-तीन पोरं. आयुष्यभर फॅमिली फोटो काढून काढून माझ्या हाताला वळणच ते पडलेलं. खाटीकखान्याचा फोटो काढला असता तरी त्यातलं बोकड हसताना दिसलं असतं.

"आवं अण्णा, तो खातोय त्याला," मी म्हणालो.

"खातोय का मुका घेतोय, हे फोटूत कुटं लिवलंय?" अण्णा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "फोटू खोटं बोलत न्हाई म्हनलं व्हतं मी. बोलतच न्हाई मुळी. सोपान, औषध कालव."

मी अक्कांकडे पाहिलं. मला वाटलं, त्या आत निघून जातील. पण बाई खचणाऱ्यातल्या नव्हत्या.

"एक फोटू पुरनार न्हाई," त्या मला म्हणाल्या, जणू अण्णा तिथे नव्हतेच. "एकामागून एक काढा. आधी जित्ता, मग अर्धा, मग नुसतं साल. हाय का फिल्म?"

"आहे. पण काल ते बांधलेलं टोक फडफडत होतं. एवढे फोटो काढायचे तर दोन्ही टोकं माणसानं धरली पाहिजेत. आणि तुम्ही एकट्या."

असं म्हणून मी सोपानकडे पाहिलं. त्याचे हात औषधानं बरबटलेले. अक्का कालचं धोतर खांद्यावर टाकून बागेकडे चालायला लागल्या. मीही मागोमाग निघालो.

"आवं, थांबा," मागून अण्णांचा आवाज आला. "पाव्हण्याला राबवून मी ओट्यावर बसू व्हय? लोक काय म्हनतील? चला, मी धरतो. तेवढं करू आन् मग पंप लावू."

शिष्टाचाराला चुकला तर तो रंगनाथ झेंडे कसला. त्यांनी पायतान काढून ठेवलं आणि धोतराचं टोक धरलं. दुसरं टोक अक्कांकडे. मी फळापुढे गुडघे टेकले आणि माझा लग्नातला आवाज काढला. तो एकदा निघाला की मंत्री असो की नवरदेव, सगळे ऐकतात.

"अण्णा, आणखी जवळ. वाका. कापड फळाला लागू द्यायचं नाही आणि वारा आत येऊ द्यायचा नाही. आता हलायचं नाही. श्वाससुद्धा हळू."

अण्णा वाकले. त्यांच्या मिशा फळापासून वीतभर अंतरावर आल्या. बघायला दुसरं काही नव्हतंच. समोर धोतर, बाजूला मी, आणि नाकासमोर ती एक खाच.

थोरला आत बसला होता. मी खटका दाबला. तो हलला, एका बारक्याच्या पाठीमागून आला. बारक्यानं पळायचा प्रयत्नही केला नाही, त्याचं तोंड सालीत रुतलेलं. एक मुंगी धावत आली आणि थोरल्याच्या झिपऱ्यांना चावली. तिच्या तोंडाला नुसतं मेण लागलं. ती मागे सरून तोंड पुसत बसली. मी खटके दाबत होतो, फिल्म सरकवत होतो. थोरल्यानं त्या बारक्याचं अंग एका बाजूनं उचललं, डोकं आत घातलं, आणि ते फुगलेलं पांढरं अंग हळूहळू चपटं व्हायला लागलं.

मग फिल्म संपली.

मी मान वर केली. सांगणार होतो, की थांबा, नवी भरतो. पण अण्णांकडे पाहिलं आणि गप्प राहिलो. ते डोळ्यांची पापणी न हलवता बघत होते. कपाळावरचा घाम भुवईवर आला होता, तो पुसायलाही हात सोडला नव्हता. मी बॅगेकडे वळायला लागलो तर ते दबक्या आवाजात म्हणाले, "होले, हलू नगा. वारा लागंल त्याला."

मी हललो नाही. अक्काही हलल्या नाहीत. एरवी अंतरपाट धरला की मंगलाष्टकांचा गलका असतो, इथे सोपानच्या ड्रममधली काठी फिरल्याचा तेवढा आवाज येत होता.

थोरल्यानं डोकं बाहेर काढलं. मागे राहिलं ते नुसतं साल, हरभऱ्याच्या टरफलासारखं. तो तोंड न पुसता शेजारच्याकडे वळला.

"खातंय की गं, अक्का," अण्णा म्हणाले.

"हं," अक्का म्हणाल्या.

"आपल्याच बाजूचं हाय की गं हे."

"हं."

"आन् आपन त्यालाच पयलं माराय निगालो व्हतो."

अक्कांना 'मी सांगत होते' म्हणायचा पुरेपूर हक्क होता. मी असतो तर गावभर म्हणत फिरलो असतो. त्या फक्त फळाकडे बघत उभ्या राहिल्या, रोज बघत होत्या तशाच. मी पुष्कळ देखण्या माणसांचे फोटो काढले आहेत, पण त्या क्षणी त्या वाळक्या बाईच्या चेहऱ्यावर जे होतं, तेवढं देखणं मी पाहिलेलं नाही. आणि माझ्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती.

तेवढ्यात सोपान पाठीवर पंप घेऊन आला. नळी हातात धरून त्यानं विचारलं, "अण्णा, कुठनं धरू? ह्या विहिरीकडनंच सुरू करू का?"

अण्णांनी मान वळवली नाही.

"मला काय इचारतूस?" ते म्हणाले. "बागंचं अक्काला इचार."

सोपान नळी धरून तसाच उभा राहिला. त्या घरी तो बरीच वर्षं येत होता आणि हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तो अक्कांकडे वळला. मी उगाच लेन्स पुसायला घेतली.

अक्कांनी पदर सावरला. घाई अजिबात केली नाही.

"पंप ठेव खाली," त्या म्हणाल्या. "आधी समदी च्या घिऊ. मग सांगते, कुटल्या झाडाला हात लावायचा आन् कुटल्याला न्हाई."

सोपाननं पंप खाली ठेवला. मीही उठलो. अण्णा मात्र अजून वाकलेलेच होते, दोन्ही हातांनी धोतराचं टोक ताणून धरून, नाक फळाशी लावून. अक्का दोन पावलं गेल्या, परत आल्या आणि त्यांच्या मुठीतून ते टोक हळूच सोडवून घेतलं, लहान पोराच्या हातातून काही काढून घ्यावं तसं.

"सोड आता, रंगा," त्या म्हणाल्या. "लागलं लगीन."